"वरून माती टाका, झालं काम" : नदीकाठच्या जुन्या गोदामाबद्दल

"नदीकाठचं रसायनांचं गोदाम बंद होऊन वीस वर्षं झाली. पावसानं सगळं धुऊन नेलं. वरून माती टाका आणि जागा वापरा." हा संदेश सगळीकडे फिरतोय. अशा जागांवर मातीचे नमुने काढणं हेच माझं काम आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

'पावसानं धुऊन नेलं.' पाऊस वरची धूळ नेतो, बाकीचं खाली ढकलतो. नमुन्याची नळी ट्रेमध्ये आडवी उघडली की वरची वीतभर माती अगदी साधी, तपकिरी दिसते. हातभर खाली तीच काळपट, चिकट होते आणि उग्र वास नाकात शिरतो. ट्रायक्लोरोइथिलीनसारखा (धातूवरचं तेल-ग्रीस काढायचा) द्राव पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड. तो भूजलातूनही खाली उतरतो, चिकणमातीच्या थरावर साचतो आणि वर्षानुवर्षं थोडा थोडा विरघळत राहतो. शिसं, क्रोमियम ही तर मूलद्रव्यं, ती कुजून संपत नाहीत. त्यात नदीचा शेजार! पूर आला की काठाखालचं भूजल चढतं, एरवी कोरडे असलेले दूषित थर भिजतात आणि पूर ओसरताना तेच पाणी नदीत परततं. अमेरिकेतल्या हडसन नदीत पीसीबी (विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी विषारी, टिकाऊ रसायनं) सोडणं १९७७ मध्ये थांबलं, तरी २००९ ते २०१५ या काळात तळाचा गाळ उपसावा लागला.

'वरून माती टाका.' अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कॅनॉल या जागी हेच केलं होतं. १९४२ ते १९५३ मध्ये सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती घातली, जागा एका डॉलरला शाळा मंडळाला दिली. शाळा झाली, घरं झाली. पुढे रसायनं तळघरांत झिरपली आणि १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करावी लागली.

'पाणी स्वच्छ दिसतंय.' पाण्यात विरघळलेल्या आर्सेनिक या विषाला रंग, वास, चव काहीच नसतं.

'खोदलं तर विष पसरेल' यात मात्र तथ्य आहे. बेफिकीरपणे खोदलं तर पसरतंच. म्हणूनच आधी नदीच्या बाजूनं जमिनीत अडभिंत घालतात, खड्ड्यातलं पाणी उपसून शुद्ध करतात, ट्रक झाकून आणि चाकं धुऊन बाहेर सोडतात. खर्च मोठा आहे, मान्य. पण गोदाम आणि नदी यांच्यामध्ये निरीक्षण विहिरी घेऊन पुराआधी आणि पुरानंतर पाणी तपासायला कुणाची हरकत असावी? ते अहवाल हातात आल्याशिवाय त्या जागेवर मुलांना खेळायला सोडू नका.