भामटा हा शब्द मला आता लिहवत नाही

स्टुटगार्टमधल्या आमच्या ऑफिसात गेल्या हिवाळ्यात एका चाचणीच्या निकालांवर बैठक चालली होती. एक ज्येष्ठ सहकारी सहज बोलून गेला, "हे आकडे गेट्युर्क्ट वाटतात." म्हणजे मुद्दाम बनवलेले, खोटे. शब्द फोडला तर 'तुर्क केलेले'. माझ्या शेजारी बसलेल्या सहकारिणीचे आजोबा १९६१ च्या कामगार करारानंतर तुर्कस्तानातून इथल्या कारखान्यात आले होते. ती शांतपणे म्हणाली, "बनावट म्हण ना. तेवढं पुरतं." तो ओशाळला. तसं काही मनात नव्हतं म्हणाला, आणि बैठक पुढे सरकली.

या शब्दाच्या उगमाच्या इथे बऱ्याच कथा सांगतात. सगळ्यांत प्रसिद्ध कथा बुद्धिबळाच्या यंत्राची. १७७० मध्ये केम्पेलेन नावाच्या माणसानं व्हिएन्नाच्या दरबारात, महाराणी मारिया तेरेझासमोर, तुर्की पोशाखातला एक पुतळा आणला. तो भल्याभल्यांना हरवायचा, कारण खालच्या पेटीत एक खेळाडू दडून बसलेला असे. शब्द तिथूनच आला असेल किंवा नसेल. पण त्या कथेतसुद्धा फसवणूक करणारा तुर्क नव्हता.

त्या रात्री मी फोनवर मराठी बातम्या चाळत होतो. 'भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले.' हा मथळा मी आयुष्यात शेकडो वेळा वाचला असेन. त्या दिवशी मात्र तिथेच अडलो.

भामटा हे महाराष्ट्रातल्या एका जातीचं नाव आहे. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत चौदा नावं आहेत, त्यांत बेरड, कैकाडी, रामोशी, वडार यांच्याबरोबर 'भामटा' आहे आणि 'राजपूत भामटा' वेगळं आहे. भामटा या नोंदीखाली टकारी, पाथरूट, उचले अशी पोटनावं येतात. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे अशा कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. पोलिसांकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, काहींनी तर सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड राहायचं. हा कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं उलटल्यावर. त्या कायद्यातून सुटल्या म्हणून या जाती 'विमुक्त'.

आधी शिवी होती की आधी जात, यावर भाषेच्या अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. माझ्या लेखी त्यानं फरक पडत नाही. आज जो शब्द एखाद्या मुलीच्या जातीच्या दाखल्यावर छापलेला आहे, तोच शब्द चोरीच्या बातमीत आरोपीसाठी वापरला जातो. तिनं तो पेपर कसा वाचायचा?

२०२३ मध्ये 'राजपूत भामटा' या नावातला 'भामटा' वगळण्याचा विषय तापला होता. नाव अपमानकारक आहे, काढा, असं एका बाजूचं म्हणणं. तो शब्द गेला तर कुणीही राजपूत म्हणून खोटे दाखले काढेल आणि खऱ्या विमुक्तांच्या जागा जातील, असं भटक्या-विमुक्तांच्या संघटनांचं म्हणणं. मला दुसरी बाजू पटते. यादीतलं नाव हा त्यांच्या हक्काचा पुरावा आहे. त्याचं काय करायचं ते त्यांनीच ठरवावं, आपण नव्हे. पण या सगळ्या गदारोळात, आपल्या तोंडातला आणि मथळ्यांतला शब्द काढायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही, हे मी तरी कुठे वाचलं नाही. डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला. तो योग्यच होता. मग मथळ्यांनी मागे का राहावं?

"आता कुणाच्या मनात जात असते? शब्द रुळलाय," असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. आमच्या ऑफिसातला तो सहकारीही हेच म्हणाला होता, आणि खरं बोलत होता. 'जिप्सी' हा रोमा लोकांना हिणवणारा शब्द; इथे २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीनं त्या नावाच्या सॉसचं नाव बदललं तेव्हाही लोक असंच बोलत होते. पण शब्द रुळतो तो बोलणाऱ्याच्या जिभेवर. ज्याला तो लागतो, त्याच्यासाठी तो कधीच रुळत नाही.

आणि मराठीला कमी काय आहे? ठक आहे, लुच्चा आहे, लबाड आहे, गंडवणारा आहे. गणवेश घालून नाडणाऱ्याला तोतया म्हणावं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवणारा उपटला तेव्हापासून हा शब्द चोख काम करतो आहे. 'तोतया पोलिसाने दागिने लांबवले' यात काय घडलं ते कळतं. 'भामट्याने' यात खिसा कापला, खोटं सोनं विकलं की बँकेच्या नावानं फोन केला, काहीच कळत नाही.

बारावीनंतर प्रवेशाच्या रांगेत माझा एक मित्र दाखला चार घड्या करून मुठीत धरून उभा होता. खिडकीशी पोचल्यावरच त्यानं तो उलगडला, आणि तोही माझ्याकडे पाठ करून. मी तेव्हा विचारलं नाही. परवा त्याला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानंच विषय काढला. म्हणाला, "मुलगी यंदा बारावीला आहे."