विमानात अजूनही निकेल-कॅडमियम का? कंजुषी हे कारण नाही

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. निकेल-कॅडमियम बॅटरी १८९९ सालची, विषारी, युरोपात बंदी घातलेली, तिला ‘मेमरी’चा रोग, तरी विमानांत तीच, कारण कंपन्यांना खर्च नको. लिथियम बसवा, प्रश्न मिटला. यातलं साल बरोबर आहे. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने ती तेव्हाच बनवली. बाकीचं बघू.

आधी खर्च. ही बॅटरी मुळात महाग. तेवढ्याच क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी बऱ्याच कमी पैशांत येते. शिवाय हिला ठरावीक मुदतीने विमानातून उतरवायचं, एकेक सेल तपासायचा, डिस्टिल्ड वॉटर घालायचं, पुन्हा चढवायचं. कंजूष माणूस असला व्याप मागे लावून घेत नाही.

मग ती का ठेवतात? खरा मुद्दा आहे बॅटरी कशी मरते हा. शिसे-आम्ल बॅटरीत धन पट्टीची जाळी आतून गंजत जाते. वरून सगळं ठीक दिसतं आणि नेमका भार पडल्यावर जोड तुटतो, सगळा पुरवठा एका क्षणात बंद. निकेल-कॅडमियममधला द्रव, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, आतल्या पोलादी पट्ट्यांना खात नाही. क्षमता हळूहळू घटते आणि ती घट तपासणीत पकडता येते. एखादा सेल गेलाच तर बहुधा आतून शॉर्ट होतो: वीस सेलच्या २४ व्होल्टांतले १.२ गेले, बाकीचे शाबूत. जनरेटर बंद पडलेल्या विमानात वैमानिकाचा रेडिओ आणि उपकरणं याच बॅटरीवर असतात, तेव्हा हा फरक किती मोठा ते सांगायला नको. शिवाय कडाक्याच्या थंडीतही ती भरपूर करंट देते. अलास्कातल्या फेअरबँक्सच्या वीजसंस्थेने २००३ मध्ये ग्रिड सावरायला असे १३,७६० सेल बसवले, त्यांच्याकडे पर्याय नव्हते म्हणून नाही.

‘मेमरी’चं फार स्तोम माजवलंय. दर वेळी थोडीशीच वापरून पुन्हा चार्ज केली की व्होल्टेज लवकर पडायला लागतं, हे खरं. पण पूर्ण डिस्चार्ज करून पुन्हा भरली की बहुतेक वेळा ती ताळ्यावर येते. विमानाच्या बॅटऱ्या तपासणाऱ्या कार्यशाळेत हेच करतात, सेल क्लिपने शॉर्ट करून पार शून्यावर आणतात. लिथियम सेलला असं शून्यावर नेलं तर तो बादच.

आता लिथियम. वजनाच्या हिशेबात ती कितीतरी पुढे, वादच नाही. म्हणूनच बोइंगने आपल्या ७८७ विमानात ती घेतली. ७ जानेवारी २०१३ला बॉस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात बॅटरी पेटली. १६ तारखेला बॅटरीतल्या धुरामुळे ऑल निप्पॉन या जपानी कंपनीचं ७८७ जपानमधल्या ताकामात्सुला तातडीने उतरवावं लागलं. पाठोपाठ जगभरची ७८७ जमिनीवर. बोइंगचा अंदाज होता, धुराची घटना एक कोटी उड्डाणतासांत एकदाही होणार नाही. एक लाख तास व्हायच्या आत दोन झाल्या. एका सेलमध्ये शॉर्ट झालं आणि उष्णता शेजारच्या सेलांत पसरली. शेवटी बॅटरी पोलादी पेटीत घातली, धूर थेट विमानाबाहेर काढला, आणि वाचवलेलं वजन बरंचसं परत आलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये एअरबसने ए३५०साठी लिथियम बाजूला ठेवून निकेल-कॅडमियम घेतली. पुढे त्या विमानावर लिथियम आली, पण घाईत नाही. आणि निकेल-कॅडमियमही धुतल्या तांदळासारखी नाही; १९६०-७०च्या दशकांत तीही विमानांत तापून बेफाम व्हायची. तापमानाचे सेन्सर आणि इशारे त्यातूनच आले.

राहिली बंदी. युरोपच्या २००६च्या कायद्याने कॅडमियमवर मर्यादा घातली ती हातात मावणाऱ्या, घरगुती सेलांवर. आपत्कालीन दिवे आणि अलार्म त्यातून वगळले होते. विमान-रेल्वेच्या औद्योगिक बॅटऱ्यांना ती मर्यादा नव्हतीच. कॅडमियम भयंकर आहे, जपानच्या जिंझू नदीकाठी खाणीच्या सांडपाण्याने लोकांची हाडं ठिसूळ झाली. पण विमानाची बॅटरी उकिरड्यावर जात नाही. तिला क्रमांक असतो, नोंद असते, आणि शेवटी तिच्यातलं कॅडमियम काढून पुन्हा वापरता येतं. संदेश पुढे ढकलणाऱ्यांच्या माळ्यावर पडलेल्या जुन्या कॉर्डलेस फोनचं किंवा ट्रिमरचं तसं नाही. त्यातही हीच बॅटरी असू शकते; तो सेल ई-कचऱ्यात द्या. भारतात २०२२च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.