मक्याचा दाणा तुऱ्यात भरतो का?

बेळगाव-खानापूरकडच्या घरगुती ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. बीज पुरुषाचं, बाई नुसती जमीन. पहिला आठवडा गर्भ म्हणजे पेशींचा गोळा, त्यात काही घडत नसतं. आणि तो टिकला नाही तर बाईने बसचे हादरे खाल्ले असतील नाहीतर पपई. नात्यातल्या एका मुलीचा दुसऱ्यांदा गर्भ गेला, आणि चौथ्या दिवशी तिच्या जाऊबाईंनी तिला हेच पाठवलं. म्हणून लिहितेय.

आधी जमीन. मका लावणाऱ्या कुणालाही विचारा, दाणा कणसात भरतो. तुऱ्यातून पडते ती धूळ. ती पडली नाही तर दाणा भरत नाही, खरं आहे. पण कोंबाची शिदोरी दाण्यातली असते, धुळीतली नव्हे. मराठीत तर शब्दच ‘स्त्रीबीज’ आहे की! ते साधारण ०.१ मिलिमीटरचं असतं, शुक्राणूचं डोकं त्याच्या विसाव्या हिश्शाएवढं. माणसाच्या गर्भाची स्वतःची जनुकं नीट कामाला लागतात ती चार ते आठ पेशी झाल्यावर, तिसऱ्या दिवसाच्या आसपास. तोवर घर चालतं ते आईने स्त्रीबीजात भरून ठेवलेल्या प्रथिनांवर. बापाकडून अर्धी गुणसूत्रं येतात आणि पेशी विभागायला लागणारं सेंट्रिओलही. उंदरांत बापाकडून तेवढंही येत नाही.

आता ‘काही घडत नसतं’. इथे मात्र थांबायला हवं, कारण सगळी गंमत इथेच आहे. पेशीच्या आत धाग्यांचा सांगाडा असतो आणि तो कुठे बांधायचा, कुठे मोडायचा, कुठे ताणायचा हे ठरवणारी वेगळी प्रथिनं असतात. गर्भ राहण्याआधीच, निम्मी गुणसूत्रं बाहेर टाकताना स्त्रीबीज त्यांची चाती, म्हणजे गुणसूत्रं ओढून वाटणारी धाग्यांची जुडी, मधून काठाला सरकवतं, म्हणजे बाहेर पडणारा तुकडा इवलासा राहतो आणि शिदोरी वाया जात नाही. हे सरकवणं अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचं काम, आणि ते धागे विणायला फॉर्मिन-२ नावाचं दुसरं प्रथिन लागतं. त्याचं जनुक काढलेल्या उंदरिणींत चाती मध्येच अडकते, तुकडा पडत नाही आणि पिल्लं कमी होतात; २००२ मध्ये हे दाखवलं गेलं.

गर्भाच्या चौथ्या दिवशी सुट्या मण्यांसारख्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात. पेशीच्या सालीखालची अ‍ॅक्टिन आणि त्याला ओढणाऱ्या मायोसिनची जाळी बटव्याच्या नाडीसारखी आवळते म्हणून हे जमतं. मग बाहेरच्या पेशींवर अ‍ॅक्टिनची टोपी चढते आणि त्यातून मुख्यतः वार घडते. आत ढकलल्या गेलेल्यांतून बाळ. गोळ्यात हा आत-बाहेरचा निवाडा चाललेला असतो, आणि म्हणे काही घडत नाही.

राहिला दोष. २०१६ मध्ये चिनी संशोधकांनी काही बायकांचं स्त्रीबीज का पिकत नाही याचा माग काढला. सापडला टीयूबीबी८ या जनुकातला बिघाड. त्यातून बनणारं ट्युब्युलिन हे प्रथिन चातीच्या धाग्यांत असतं. आणि बऱ्याच घरांत हा बिघाड बाईला तिच्या वडिलांकडून आलेला! त्यांना स्वतःला काही त्रास नाही, कारण हे जनुक स्त्रीबीजातच वापरलं जातं. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो. तो चुकतो चातीवर, चोर्ल्याच्या घाटातल्या बसच्या हादऱ्यांनी नव्हे. पहिल्या दिवसांत गर्भ जाड कवचात, द्रवात तरंगत असतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भ आत सोडल्यावर बाईला पडून राहायला लावून यश वाढत नाही, हेही तपासून झालंय.

पपई? पिकलेल्या फोडीने गर्भ पडतो याला पुरावा नाही. कच्च्या पपईच्या चिकाने उंदरांचं गर्भाशय आकुंचन पावलेलं दिसलंय, पण चीक असतो तो कच्च्या फळात, पिकलेल्या फोडीत नावापुरताच.

त्या मुलीच्या डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांचीही गुणसूत्र तपासणी सांगितलीय. तिने रक्त दिलं. तो म्हणतोय, भाताची सुगी होऊ दे.