रंगेल, रंगेल!

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण माझ्या हातावर मेंदी म्हणून कधी रंगली नाही. पाहुणे वाढल्यावर दुधात पाणी घालून केलेल्या चहासारखा एक रंग येतो आणि तिसऱ्या दिवशी तो हळदीचा डाग म्हणून सहज खपतो. मी हे दुःख केव्हाच गिळलं असतं. पण आमच्या सासूबाईंच्या मते मेंदीचा रंग म्हणजे नवऱ्याच्या प्रेमाचं पासबुक. दर नागपंचमीला, घरातल्या प्रत्येक लग्नात त्या माझा तळवा उजेडात धरतात, निरखतात, मग मान वळवून आपल्या लेकाकडे बघतात आणि म्हणतात, "काय रे?"

बस्स, एवढंच. पण बँकेत आयुष्यभर कॅश सांभाळलेल्या माणसाला, सव्वीस वर्षं खात्यात जमाच नाही, हे ऐकून घ्यावं लागतं.

यंदा श्रावणात पुतणीची पहिली मंगळागौर आली, तेव्हा ह्यांनीच मनावर घेतलं. "या वेळी मेंदी मी भिजवतो," म्हणाले. ज्या माणसाला कणीक आणि बेसनाचे डबे अजून वेगळे ओळखता येत नाहीत, त्याने हे म्हणावं! मी मुकाट्याने पातेलं पुढे केलं.

लहानपणी मात्र माझी मेंदी रंगायची. आजोळी परसाला कुंपणच मेंदीचं होतं. आजी पाला ओरबाडून आणायची, पाट्यावर काथ आणि चिंच घालून वाटायची. नक्षी वगैरे भानगडच नव्हती. तळव्यावर मधोमध एक भाकरी, बोटांना टोप्या आणि वर जुन्या लुगड्याची चिंधी. सकाळी गोधडीचाही रंग बदललेला असायचा. आजीचे स्वतःचे तळवे तर जांभळं खाल्ल्यासारखे काळपट व्हायचे. आता कळतं, की त्यात आजोबांच्या प्रेमाचा भाग बेताचाच असणार. मेंदीच्या पानातलं लॉसोन नावाचं द्रव्य कातडीतल्या केराटिनला घट्ट धरून बसतं. कातडी जाड तेवढा रंग गडद, म्हणून तळहात-तळपाय रंगतात आणि हाताची मागची बाजू फिकी राहते. आजीचे हात जात्यावर, उखळावर, शेणात घडलेले. तिथे लॉसोनला बसायला ऐसपैस जागा होती.

तर ह्या वेळी मी तयारीत कसूर ठेवली नाही. दरवर्षी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून केसांना लावायची जाडीभरडी पुडी आणायचे. तिच्यावर किती साली दळली ते लिहिलेलं होतं, पण चष्मा लावायचा कंटाळा. यंदा खास सोजतची मागवली. सोजत म्हणजे राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातलं मेंदीचं गाव, 2021 साली त्या मेंदीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पूड हिरवीगार, ताजी, ओढणीतून चाळून घेतलेली. रविवारी सकाळी ह्यांनी ती लिंबाच्या रसात आणि साखरेत भिजवली आणि झाकून ठेवली. लिंबाच्या आंबटपणाने रंग हळूहळू सुटतो, त्याला सात-आठ तास द्यावेच लागतात. ते कॅशियरच्या शिस्तीने दर तासाला झाकण उघडून बघत होते. वास घ्यायचे, घड्याळ बघायचे आणि "अजून नाही" म्हणायचे.

दिवसभर सल्ले येतच होते. समोरच्या काकूंनी चहाचं पाणी घाल म्हटलं, वन्संनी फोनवरून निलगिरीचं तेल. हा वन्संचा सल्ला कामाचा, असल्या तेलांनी रंग खरंच खुलतो. भाचीने सुचवलं, की बाजारात दहा मिनिटांत काळी होणारी कोन मिळते, कशाला एवढा खटाटोप? तिला मी माझं मनगट दाखवलं. चार वर्षांपूर्वी एका जत्रेत तसली काळी मेंदी लावून घेतली होती. रंग दहा मिनिटांत चढला खरा, पण चौथ्या दिवशी नक्षीबरहुकूम फोड आले. मोराला मोराएवढा फोड! खरी मेंदी लावल्याबरोबर काळी होतच नाही. त्या काळ्यात केसांच्या डायमधलं पॅराफेनिलिनडायअमिन मिसळलेलं असतं, असं त्वचेच्या डॉक्टरांनी मला समजावलं आणि वर फी घेतली.

संध्याकाळी सात वाजता मेंदीला वर तपकिरी साय आली. "झाली!" हे ओरडले. नेमकं तेव्हाच सोसायटीचं पाणी गेलं.

दुधाच्या पिशवीचा कोन करून ह्यांनी त्यात मेंदी भरली, टोक जरा जास्तच कापलं आणि दाबल्याबरोबर कोन मागून फुटला. उजवा हात मनगटापर्यंत हिरवा. धुवायला पाणी नाही, पिण्याच्या पाण्याला हात लावू देणार नाही अशी मी. मग त्यांनी हात कालच्या वर्तमानपत्राला पुसला, अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या नखांत राहिली ती राहिली, आणि दुसरा कोन केला. वन्संच्या मुलीने येऊन माझ्या हातांवर दीड तास वेलबुट्टी काढली.

पुढचं सगळं ह्यांच्याकडे. लिंबू-साखरेचं पाणी कापसाने लावायचं असतं, म्हणजे मेंदी चिकटून राहते, वाळून झडत नाही. कापूस सापडेना, म्हणून ह्यांनी बोटांनीच लावलं. तव्यावर लवंगा टाकल्या आणि माझे हात धुरावर धरले. खरं काम लवंगेपेक्षा उबेचं. पण माझे हात बारा महिने गार आणि श्रावणातली हवा ओली. ह्यांचे हात मात्र कायम कढत, त्यातून माझ्या हाताखाली ते तव्याच्या अधिक जवळ. असे आम्ही गॅसपुढे उभे. लग्नात होमाभोवतीही ह्यांनी इतक्या निष्ठेने माझा हात धरला नव्हता.

मग रात्र. आमटी-भात ह्यांनी भरवला, प्रत्येक घासाला कालवलेला भात चमच्याने सपाट करून, नोटांच्या गड्डीसारखा. फोन मी कोपराने उचलला आणि कोपरानेच बंद केला. भलतीकडेच लागला, त्या बाईंना वाटलं मी रागावले आहे. डास बरोबर हनुवटीवर बसला. नाडीच्या सलवारीविषयी मी इथे काही लिहिणार नाही, ज्या भोगून बसल्या आहेत त्यांना कळेल. साडेअकराला दोन्ही हातांत जुने मोजे चढवले आणि मी छातीवर हात ठेवून ममीसारखी झोपले.

पहाटे साडेपाचला पाणी आलं आणि त्याबरोबर दूधही. म्हणजे सासूबाईंनी गॅसवर दूध ठेवलं आणि त्या देवाच्या फुलांना गेल्या. फस्सकन आवाज आला. सव्वीस वर्षांची सवय हो, मी मोजे फेकून धावले. ओलं फडकं घेऊन ओटा पुसला, गॅस पुसला, पातेलं विसळलं. भानावर आले तेव्हा वेलबुट्टी मोरीतून निघून गेली होती. शिवाय आदल्या दुपारी मंगळागौरीच्या चकल्या तळल्या होत्या, तळवे तेलकट होते, हेही मला तेव्हाच आठवलं. तेलाच्या थरावर मेंदी बसणार तरी कुठे?

"केशरी आहे, पण अजून रंगेल," हे धीर देत म्हणाले. त्यांचं खरं होतं. मेंदी पहिल्यांदा केशरीच दिसते आणि हवा लागून एक-दोन दिवसांत गडद होते. हाच हिशोब करून मी रविवार धरला होता, मंगळवारी रंग ऐन भरात यावा म्हणून. सोमवारी दिवसभर मी पाण्यात हात घातला नाही. हातांना बाम लावला. दर तासाला खिडकीशी जाऊन बघितलं. रंगेल, रंगेल.

मंगळवारी रात्री झिम्मा झाला, फुगड्या झाल्या, बायका दमून बसल्या आणि एकमेकींचे हात बघू लागल्या. सासूबाईंनी माझा तळवा दिव्याकडे धरला. चहा, पाहुणे वाढलेला. त्यांनी सवयीने मान वळवली. हे मसाला दुधाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. सासूबाईंचं "काय..." तोंडातच राहिलं.

ट्रेच्या कडेला ह्यांचा अंगठा होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. काथासारखी, जुन्या शिसवी पाटासारखी गडद, आणि वर मंद चमक. आजीच्या हातांनंतर असा रंग मी पाहिला नव्हता. रविवारी रात्री ह्यांनी हात धुतलेच नव्हते. मेंदी पिकलेली, साखरपाणी लावलेलं, धुरी मिळालेली, हात उबदार, रात्रभर पाण्याचा स्पर्श नाही. जे जे माझ्या हाताला हवं होतं, ते सगळं ह्यांच्या अंगठ्याला मिळालं.

सासूबाईंनी लेकाचा हात हातात घेतला, खूप वेळ बघितला. मग सावकाश माझ्याकडे वळल्या. आवाज एकदम मऊ.

"काय गं?"

बायका अशा हसल्या की शेजारच्यांनी बेल वाजवली. मी चकल्यांचं ताट आणायच्या निमित्ताने आत पळाले.

बँकेत त्यांचे फार हाल झाले. प्रत्येक ग्राहक नोटा मोजताना अंगठ्याकडे बघायचा. एका आजोबांनी विचारलं, "साहेब, कसलं मतदान होतं? आम्हाला कळलंच नाही." सहकाऱ्यांनी 'रंगेल' असं नाव ठेवलं. बोटांचा रंग तीन आठवड्यांत गेला. पण नखातला जात नाही, नख वाढेल तसा पुढे सरकतो. भाऊबीजेला वन्सं ओवाळत होत्या तेव्हाही ह्यांच्या अंगठ्याच्या नखावर वरच्या बाजूला एक केशरी कोर शिल्लक होती.

"अगं, नेलकटर कुठे आहे?" ह्यांनी विचारलं.

"दिसत नाही बाई कुठे," मी म्हणाले, आणि पर्सची चेन नीट लावून घेतली.