लिंबूटिंबूंनाही मैदान हवं

"तिला काही पुढे खेळाडू व्हायचं नाहीये, मग रोजचे दोन तास कशाला घालवायचे?" लेकीच्या परीक्षेचं वर्ष जवळ आलं तसं हे मला इतक्या जणांनी विचारलं, की आज सविस्तर लिहितेच.

ती बास्केटबॉल खेळते. चार वर्षं झाली. संघात आहे, पण राखीव. बहुतेक सामने बाकावर बसूनच बघते. उंची बेताची, वेगही बेताचाच. ती मोठ्या संघात जाणार नाही हे मला माहीत आहे, तिच्या सरांना माहीत आहे आणि तिलाही. तरी सरावाची वेळ झाली की बुटांच्या नाड्या बांधून ती दारात उभी असते.

ज्या मुलांना खेळात उपजत गती असते, त्यांना हेरणारं कुणीतरी भेटतंच. मैदानाची जास्त गरज उरलेल्यांना आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं तरी चांगली धाप लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१६ पर्यंतच्या जगभरच्या माहितीवरून त्यांनी हिशोब मांडला, तर ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तेवढंही हलत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के. हे वाचून मी हादरले होते. धावण्या-उड्या मारण्याचा भार पडला की हाडं घट्ट होतात आणि ही पुंजी जमवायचा मुख्य काळ विशीच्या आसपास संपत येतो. उघड्यावर, उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं धूसर दिसण्याचा त्रासही कमी होतो. नंतर ठरवून ही वर्षं परत मिळत नाहीत.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच आहे.

गेल्या वर्षी एका सामन्यात शेवटची दोन मिनिटं तिला आत घेतलं. चेंडू हातात आला, तिने घाईत पास दिला आणि तो थेट समोरच्या संघाच्या हातात गेला. एका गुणाने हरले. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. समजावायला काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते. दुसऱ्या दिवशी सरावाला पोचलो, तर तिची एक मैत्रीण म्हणाली, "तू देतेस तेव्हा मी डावीकडे असायला हवी होते. चल, करून बघू." पंधरा-वीस वेळा दोघींनी तोच पास केला. माझं एकही वाक्य लागलं नाही.

चूक सगळ्यांसमोर होते, कुणी ती झाकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भिडूंबरोबर पुन्हा उभं राहायचं असतं. हे घरात बसवून कसं शिकवणार? मला तरी येत नाही.

हे सगळं नासवणारे बहुतेक वेळा आपण मोठेच असतो. कडेला उभं राहून ओरडणारे, पंचांशी भांडणारे, परतीच्या वाटेवर मुलाची उलटतपासणी घेणारे पालक मी पाहिलेत. सुरुवातीला मीही दोनदा ओरडले होते. त्याची आजही लाज वाटते. नॉर्वेने १९८७ मध्ये मुलांच्या खेळातल्या हक्कांचे नियमच केले. अकरा वर्षांपर्यंत निकालांच्या याद्या नाहीत, क्रमवारी नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद तेरा वर्षांच्या आधी नाही. म्हणून तिथे खेळाडू घडायचे थांबले नाहीत. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी १६ सुवर्णपदकं मिळवली, सर्वांत जास्त.

आमच्या लहानपणी प्रत्येक डावात एखादा लिंबूटिंबू असायचा. बाद झाला तरी त्याच्यावर राज्य यायचं नाही, पण त्याला डावाबाहेरही कुणी काढायचं नाही. धावून धावून तोही पुढे पक्का भिडू व्हायचा. आता सात-आठ वर्षांच्या पोरांची निवड चाचणी होते आणि ज्यांचं नाव यादीत नाही ती घरी जातात. त्यातली किती पुन्हा मैदानावर येत असतील?

तर पुढच्या वर्षी परीक्षा आहे. सराव आठवड्यातून पाच दिवसांऐवजी तीन दिवस करायचा, एवढंच आमच्या घरी ठरलंय. तिनेच ठरवलं.