नाखवा, परवाना जपून ठेवा

बोटीच्या तळातून पाणी येतंय? येऊ द्या. पंप चालू ठेवा, फळ्या बदलायच्या नादाला लागू नका. गिऱ्हाईक वाटेवर आहे आणि ते वाकून तळ बघणारं नाही. त्याला हवाय तुमचा परवाना.

समजा, तुम्ही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात सॅमन धरणारे नाखवा आहात. मासे कमी, बोटी उदंड. म्हणून सरकार बोटी कमी करणार आणि त्याबद्दल तुम्हालाच पैसे मोजणार. संकोच नको, तिकडे ही जुनी रीत आहे.

1968 साली मत्स्यमंत्री जॅक डेव्हिस यांनी तिचा नारळ फोडला. 1967 किंवा 1968 मध्ये ज्यानं 10,000 पौंड वजनाच्या वर मासळी उतरवली, त्याला 'ए' परवाना. ज्याची त्याहून कमी, त्याला 'बी', आणि बीवाल्यानं दहा वर्षांत गाशा गुंडाळायचा. यातून काय शिकायचं? निर्बंध येणार अशी नुसती कुणकुण लागली, की आधी दणकून मासे मारा. पुढं मागं वजनाची पावती कामाला येते. बेतानं धरणाऱ्याला पावती देणारं खातं अजून निघालेलं नाही.

मग सरकार बोटी विकत घेऊ लागलं. पैसा उभा केला तो उरलेल्या बोटींच्या परवाना शुल्कातून. घेतलेल्या बोटी पुन्हा लिलावात काढल्या, इथं धंद्याची मासेमारी करायची नाही या अटीवर. इकडे परवान्यांचे भाव असे चढले, की दोन-तीन वर्षांत सरकारनंच हात आखडता घेतला. रोज तेच गिऱ्हाईक येऊन पाटीतली पापलेटं उचलू लागलं, तर कुठली कोळीण भाव उतरवेल?

पण विकून मोकळं होणं हे आळशांचं काम. तुम्ही त्या काळचा 'टनाला टन' हा नियम वाचा. जुन्या बोटीच्या जागी नवी आणायची, तर तेवढ्याच टनांची. ठीक. तीन म्हाताऱ्या गिलनेट होड्या, म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडणाऱ्या छोट्या होड्या घ्या, एकीचं इंजिन बंद, दुसरीच्या टपावर शेवाळ, तिसरी तुमची ती गळकी. तिघींची टनं एकत्र करा आणि एक झकास सीन बोट बांधा, म्हणजे आपल्याकडची पर्ससीनच, अख्ख्या थव्याला वेढा घालून उपसणारी. कागदावर दोन बोटी घटल्या, साहेब खूश. पाण्यात काय वाढलं ते सॅमनला विचारा.

1996 मध्ये मंत्री फ्रेड मिफ्लिन आले. ताफा निम्मा करायचा होता, खरेदीसाठी 8 कोटी डॉलर काढले. आपली किंमत आपणच लिहून द्यायची. सुमारे 800 परवाने असे गेले. शिवाय किनाऱ्याचे पट्टे पाडले: एका परवान्यावर एकच पट्टा. दुसऱ्या पट्ट्यात जाळं टाकायचंय? दुसऱ्या नाखवाचा परवाना विकत घ्या आणि आपल्या परवान्यावर चढवा. ज्याच्याकडे पैसा, त्याला सगळा समुद्र मोकळा. ज्याच्याकडे नाही, त्यानं परवाना विकून धक्क्यावर बसावं. अलर्ट बेसारख्या, बेटावरच्या आदिवासी वस्तीच्या गावातून बोटी गेल्या. बोट गेली की खलाशी गेला, जाळं शिवणारा गेला. त्यांच्याकडे परवानाच नव्हता, मग सरकार त्यांचं विकत घेणार तरी काय? असल्या गोष्टींनी मन हळवं होत असेल, तर व्हँकुव्हरमध्ये फ्लॅट घ्या आणि परवाना भाड्यानं द्या. अशांना तिकडे 'आरामखुर्चीतले मच्छीमार' म्हणतात. चेष्टेनंच म्हणतात, पण भाडं वेळेवर येतं.

कुणी म्हणेल, सॅमन घटण्यात नदीकाठच्या जंगलतोडीचा आणि तापलेल्या समुद्राचाही हात आहे. असेल. त्यांच्याकडे परवाना नाही, म्हणून ते विकत घेता येत नाहीत. विषय संपला.

एक पथ्य मात्र पाळा: पहिल्याच हाकेला विकू नका. 1996 नंतर 1998 मध्ये 40 कोटी डॉलरची फेररचना आली, तीतही परवानाखरेदी होती. 2021 मध्ये सॅमन वाचवण्यासाठी 64.7 कोटींची योजना जाहीर झाली आणि परवाने परत घेण्याचं कलम त्यातही हजर. प्रत्येक वेळी बोटी जास्तच भरतात. आता पुढचे मंत्री येईपर्यंत पंपाचं डिझेल तेवढं संपू देऊ नका.