तळून उरलेलं तेल, शंभर रुपये लिटर आणि क्रेडिटची ‘वरकमाई’

दिवाळीचा फराळ उरकला की कढईतल्या उरलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न येतो. त्याच सुमारास ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: ‘वापरलेलं तेल तीस-चाळीस रुपयांत देऊ नका. एक लिटर तेलाचं एक लिटर बायोडिझेल होतं आणि पंपावर डिझेल नव्वद रुपये आहे. शिवाय कंपनीला लिटरमागे ग्रीन क्रेडिट मिळतं, ते अमेरिका-युरोपात विकून ती तेवढेच पैसे पुन्हा कमावते. एकजूट करा, शंभर रुपये मागा.’

‘लिटरला लिटर’ हे बरंचसं खरं आहे, म्हणून पुढचं सगळं खपून जातं. शंभर किलो स्वच्छ तेलात दहाएक किलो मिथेनॉल आणि उत्प्रेरक घातला की शंभर किलोच्या जवळपास बायोडिझेल आणि दहाएक किलो ग्लिसरीन मिळतं. पण वडे-भजी तळून काळं झालेल्या तेलात पाणी असतं, चुरा असतं, आम्लता वाढलेली असते. ते आधी गाळून, पाणी काढून, आम्लता उतरवावी लागते, नाहीतर टाकीत इंधनाऐवजी साबण होतो. घट आणि खर्च दोन्ही इथेच लागतात.

आता नव्वद रुपये. पंपावरच्या दरात केंद्राचं उत्पादन शुल्क, डीलरचं कमिशन आणि राज्याचा व्हॅट असतो. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवरचा व्हॅट जुलै २०२४ मध्ये २४ वरून २१ टक्क्यांवर आला, तरी तो आहेच. बायोडिझेलवाला घोडबंदर रोडच्या पंपावर माल विकत नाही, तेल कंपनीला विकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी वापरलेल्या तेलापासूनच्या बायोडिझेलसाठी खरेदीदर जाहीर केले होते: पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये, दुसऱ्या वर्षी ५२.७०, तिसऱ्या वर्षी ५४.५०. पुढे दर बदलत गेले, पण तुलना करायची ती या दराशी. त्यातूनच तेल, मिथेनॉल, टेम्पो, मजुरी आणि सांडपाण्याची प्रक्रिया भागवायची असते.

खरा घोळ क्रेडिटचा आहे. अमेरिकेत २००५ चा कायदा आणि २००७ मधली त्याची वाढ यांमुळे रिफायनऱ्या आणि आयातदारांवर दरवर्षी ठरावीक जैवइंधनाचं बंधन आलं. तिथल्या बाजारात येणाऱ्या प्रत्येक गॅलनला ३८ अंकी क्रमांक मिळतो, त्याला ‘रिन’ म्हणतात. बायोडिझेलच्या गॅलनला दीड रिन, कारण त्यात इथेनॉलपेक्षा ऊर्जा जास्त. इंधन मिसळलं गेलं की रिन सुटा होतो आणि विकता येतो. ज्या रिफायनरीने स्वतः पुरेसं मिसळलं नाही, ती तो विकत घेऊन वर्षाचा हिशेब पुरा करते. म्हणजे रिन मिळतो तो अमेरिकेत खपणाऱ्या इंधनाला. नौपाड्यातल्या फरसाणवाल्याचं तेल आपल्याच डेपोत डिझेलमध्ये मिसळलं गेलं तर रिनचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे तेल कंपन्या ठरल्या दराने खरेदी करतात. रिनसारखं विकायला काढता येईल असं क्रेडिट त्या व्यवहारात नाही. केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘ग्रीन क्रेडिट’ योजना आणली खरी, पण तिची सुरुवात उजाड वनजमिनीवरच्या वृक्षलागवडीपासून झाली. मेसेज लिहिणाऱ्याने ती थेट कढईत सोडली असावी.

बरं, अमेरिकेतही क्रेडिट म्हणजे नफ्यावर नफा नव्हे. बायोडिझेल बनवायला साध्या डिझेलपेक्षा जास्त खर्च येतो, आणि सक्ती असल्यामुळे ती तूट कोणाला तरी भरावी लागते. रिनचा भाव साधारण त्या तुटीइतका असतो. वनस्पती तेल महागलं की तो चढतो, डिझेल महागलं की उतरतो. २०२१ मध्ये बायोडिझेलचा रिन दोन डॉलरच्या घरात गेला होता. पुढे नवे कारखाने उभे राहून सक्तीपेक्षा जास्त इंधन बाजारात आलं आणि २०२४ च्या सुरुवातीला तोच रिन डॉलरच्या बराच खाली होता. हे पैसे शेवटी भरतो तिथला गाडीवाला, कारण रिफायनऱ्या रिनचा खर्च घाऊक दरात वसूल करतात. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचाच हा निष्कर्ष आहे.

मेसेजमधला ‘युरोप’ मात्र अगदीच हवेतला नाही. युरोपीय संघात वापरलेल्या तेलाचं इंधन वाहतुकीच्या उद्दिष्टात एका मर्यादेपर्यंत दुप्पट मोजता येतं, त्यामुळे तिथे अशा तेलाला खरंच चढा भाव येतो. इतका, की ताजं पामतेल ‘वापरलेलं’ म्हणून खपवल्याचा संशय तिथे सतत घेतला जातो. म्हणून तिथला भाव तेलाइतकाच कागदाचा असतो: कोणत्या हॉटेलातून, किती, कोणी उचललं याची तपासलेली साखळी हवी. आपल्या सोसायटीच्या गेटवर ठेवलेल्या कॅनला असा कागद कोण देणार? आणि कागदावर चालणारा धंदा कागदावरच बुडतोही. मेरीलँडमधला एक कारखानदार बायोडिझेल न बनवताच नव्वद लाख डॉलरचे रिन विकल्याबद्दल २०१२ मध्ये दोषी ठरला. जैवइंधनावरची अमेरिकेची करसवलत (ती रिनपेक्षा वेगळी) २०२६ पासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या कच्च्या मालापुरतीच उरली आहे. एका कायद्याने बाहेरच्या तेलाची तिथली किंमत कमी झाली.

राहिले शंभर रुपये. आपल्या बाजारात वापरलेल्या तेलाची कमाल मर्यादा म्हणजे ताज्या पामतेलाचा घाऊक भाव. त्याच्यावर कोणी शहाणा जाणार नाही. पण बायोडिझेलवाल्यांपेक्षा बराच जास्त दर देणारा कोणी भेटला, तर हरखून जाण्याआधी ते तेल जातं कुठे हे विचारा. गाळून पुन्हा एखाद्या गाडीवरच्या कढईत जाण्याची शक्यता असते आणि तिथे त्याला इंधनापेक्षा चांगला भाव मिळतो. म्हणूनच एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलात ध्रुवीय घटकांची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढत जाणाऱ्या घटकांची) २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि मार्च २०१९ पासून तळणासाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना त्याची नोंद ठेवायला लावली. पावती न देणारा चढ्या दराचा गिऱ्हाईक मला तरी नको.

घासाघीस करायचीच असेल तर एका साध्या जागी करा. तेल उचलणारा दर किलोचा सांगतोय की लिटरचा, ते आधी विचारा. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९२० ग्रॅम भरतं, म्हणजे पंधरा किलोच्या डब्यात सोळा लिटरहून थोडं जास्त तेल मावतं. चाळीस रुपये किलो म्हणजे लिटरला जेमतेम सदतीस.